गोष्टीचा शेवट चाळीस नंबरवर

उल्हासनगर, कॅम्प ५
फेब्रुवारी २००७

ती. भीमरावमामांना बुद्धभूषणचा मानाचा जयभीम.

तुमचा घसा कसा आहे? खरवईच्या कार्यक्रमात तुमच्या गायन पार्टीने फारच वरची पट्टी धरली होती म्हणे. फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही आधी नोकरीचं विचारता, म्हणून पत्र. (नोकरी आहे. इथल्या जीन्सच्या कारखान्यात छपाईला. तीन आठवडे झाले. एवढा मी शाळेतसुद्धा सलग टिकलो नव्हतो.)

तर माझा दोस्त सम्यक तीन वर्षं एक कॉमिक काढतोय. त्यातला हिरो बदलापूरचा रॅपर. मारामारी करत नाही, नुसता बोलत सुटतो (तुमच्या भाषेत, पेटीवाला रुसून गेल्यासारखा), आणि त्याच्या बोलण्याने सोनिवलीच्या कोरड्या नळाला पाणी येतं. आमच्या शेठनी त्यातली पाच चित्रं बॅगी पॅन्टींच्या मागे छापायला घेतली. प्रत्येक पॅन्टवर पाचही, असं ते मला समजावत होते, पण मध्येच बाहेर दोन बकऱ्या हातगाडीवर चढल्या. त्या बघून आलो तोवर समजावणं संपलेलं. साइझ पाच, चित्रं पाच, मी जुळवून टाकलं. आता अठ्ठावीस नंबरवर गोष्ट सुरू होते, तीस, बत्तीस, चौतीस करत जाते आणि पाणी येतं थेट चाळीसवर. एक कॉलेजवाला तीस नंबर नेऊन परत आला, पुढे काय होतं विचारायला. शेठ म्हणाले, "मोटा हो जा, पता चल जायेगा."

रविवारी बेलवलीत रॅपची स्पर्धा आहे. ज्याची गोष्ट जिंकेल त्याचं पुस्तक स्पर्धा भरवणारं मंडळ छापून देणार, म्हणून सम्यक धड जेवतही नाहीये. एकेकाने रॅप करायचा, पाठ फिरवायची, चित्र दाखवायचं, असं ठरलं. चार पॅन्टींना चौघं मिळाले. पाचवी, चाळीसची पॅन्ट सम्यकने स्वतः घातली. बॅगी घसरलेलीच घालतात, पण ही घोट्यावर उतरली, आणि सुतळीने आवळली तर चुण्यांत नळच गेला. पुन्हा छापायला शेठ नवीन कापड देत नाहीत. गच्चीवर तालीम बघायला आलेल्या सम्यकच्या गयाबाई आत्यांनी विचारलं, "मग पाणी नाहीच आलं का रे शेवटी?" ते मला लागलं, कारण चूक माझी.

मामींना आणि मायाला जयभीम सांगा.

तुमचा भाचा,
बुद्धभूषण

ता. क. : मामा, आमच्या सगळ्या ओळखीत चाळीस कंबर तुमचीच. रॅप करायचा नाही, फक्त शेवटी पाठ करून उभं राहायचं. तोंड कोणाला दिसणार नाही.

आणखी ता. क. : हे पत्र तुम्हाला पॅन्टच्या खिशातच मिळालं असेल. पत्र लिहून झाल्यावर मी ती मामींकडे नेली होती, त्यांनी तिची लांबी चार इंच कापून शिवून ठेवली आहे. आता ती दुसऱ्या कोणाला होणार नाही.