जर्मनीसाठी शुद्ध मराठी

३ जून
पापनाशमच्या बस स्टॉपवर विनुता आमच्या तंजावुरी मराठीत म्हणाली, "मज जर्मनींत ॲडमिशन मेळलें." त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. बस आली. ती पुढे लेडीज सीटवर, मी मागे दांडीला लटकून. तंजावूर येईपर्यंत निर्णय पक्का. मीही जाणार. त्याच गावी. स्टुडंट म्हणून नव्हे, ते तिने करावं. मी पगारी अकॅडमिक पोस्टवर.
तिला अजून सांगितलेलं नाही. प्रेमाचंही सांगितलेलं नाही. दोन्ही एकदम सांगेन. विमानात.

४ जून
अप्पांनी विचारलं, कॉलेजला परत कधी? सांगितलं, मी कॉलेज सोडलेलं नाही, सॅबॅटिकलवर, म्हणजे अभ्यासाच्या रजेवर आहे. जगभर प्राध्यापक घेतात. अप्पा म्हणाले, प्राध्यापक घेतात, तू तिसऱ्या वर्षाला एचओडीच्या टेबलावर लॅब रेकॉर्ड आपटून आलास. बारीकसारीक तपशिलात शिरायची त्यांना सवय. जन्म कलेक्टर ऑफिसात गेला, दुसरं काय होणार.
ही वही देवनागरीत, पुस्तकी मराठीत ठेवतोय. घरात बोलतात मराठी, वाचतात तमिळ; ही लिपी कोणाला येत नाही. अप्पांना थोडं येतं, चष्मा सापडला तर.

९ जून
त्या गावच्या विद्यापीठात सगळ्या विभागांना मेल टाकले. "रिस्पेक्टेड प्रोफेसर, आय ॲम प्रेझेंटली ऑन सॅबॅटिकल." शिक्षण: मेकॅनिकल इंजिनिअरिंग, अंशतः. खोटं काही लिहिलं नाही.

१४ जून
एक उत्तर आलं. "सॅबॅटिकलवर येणाऱ्यांना आम्ही टेबल, खुर्ची आणि लायब्ररी कार्ड देतो. पगार तुमची संस्था देतच असेल."
माझी संस्था! माझी संस्था मला गेटमधून आत सोडत नाही.
तडक उत्तर ठोकलं: फुकट राबणाऱ्यांचं आमचं घराणं नव्हे, आमचे पूर्वज राजांच्या पदरी पगारी होते. अम्मा म्हणाली, होते की, पंखा ओढायला होते. हे मेलमध्ये घातलं नाही.

२० जून
सापडली!! त्याच विद्यापीठात प्रा. ब्रांट नावाच्या बाई तंजावूरच्या मराठीवर काम करताहेत. सहायक हवा. पगारी. पदवीची अट नाही. एकच अट, घरात तंजावुरी मराठी बोलणारा असावा. म्हणजे माझं नाव तेवढं लिहायचं राहिलंय.
अर्ज टाकला. विनुताला सांगितलं. ती म्हणाली, "सूपर डा! मीपण तिथेंच!" 'डा' म्हणजे तमिळ 'रे', ते ती सगळ्यांनाच म्हणते; पण 'तिथेंच'वर जोर होता. पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. होता.

२२ जून
अडचण एकच. आमचं मराठी.
पुण्याच्या लांबच्या नातेवाइकांकडे लग्नाला गेलो होतो तेव्हा म्हणालो, "मज पाणी देतां कीं?" अख्खी पंगत हसली. एक काका म्हणाले, हा पोरगा बखरीतून उठून आलाय. पोरी तर अजून हसत असतील. जर्मनांसमोर ही शोभा नको.
संकल्प: इंटरव्ह्यूपर्यंत फक्त शुद्ध. रोज सकाळ-संध्याकाळ पुण्याचं न्यूज चॅनल. व्याकरणाचं पुस्तक मागवलं आहे.

२७ जून
घरातही नियम लागू. 'मज' नाही, 'मला'. 'जातों' नाही, 'जातो'. 'कापी' नाही, 'कॉफी'. अम्मा म्हणाली, "तुज काय जाहलें रे? टीव्हींतल्या बाईसारखा काय बोलतोस?" मग शेजारच्या विशालाक्षी मामींना तमिळमध्ये सांगितलं, याला कसलीतरी बाधा झाली आहे, मंत्रवून आणायला हवं. अप्पा दिवसभर तमिळच बोलले. निषेध म्हणून.
व्याकरणाचं पुस्तक आलं. उद्यापासून सुरू.

५ जुलै
इंटरव्ह्यू! विनुताच्या लॅपटॉपवर, तिच्या घरून, कारण आमच्या गल्लीत नेटवर्क म्हणजे देवाची कृपा. ती शेजारीच बसली होती. निळा चुडीदार.
बाई पांढऱ्या केसांच्या, हसऱ्या. एकदम म्हणाल्या, "नमस्कार. जेवण जाहलें कीं?" मग नम्रपणे म्हणालो, मॅडम, 'जाहलें' नव्हे, 'झालं'. त्यांनी लिहून घेतलं. शुभ चिन्ह. मग, "तुम्ही कोठें राहतां?" मी म्हणालो, 'कुठे'. तेही लिहून घेतलं. अशा त्यांच्या बऱ्याच चुका सुधारल्या. बिचाऱ्यांना कोणीतरी जुनं भलतंच शिकवून ठेवलंय. तिकडे गेल्यावर पहिलं काम हेच.
शेवटी विचारलं, घरात चिडल्यावर काय बोलता? मी म्हणालो, आमच्याकडे कोणी चिडत नाही. विनुता फिसकन हसली. "अय्यो, हा? हा चिडला म्हणजे गल्लींतलीं कुत्रीं पळतात, मॅडम!" बाई खूश. मग त्या दोघींचंच चालू. विनुता बेधडक 'मज', 'तुज', 'मेळलें'. मला तिची लाज वाटली, पण मनाचा मोठेपणा दाखवून गप्प बसलो.
नोकरी पक्की.

८ जुलै
थंडीची तयारी. कोट हवा. तंजावुरात कोट कोण घालतं? गांधीजी रोडवर एका दुकानात मिळाला, काळा. वकिलाचा. थंडीला काय कळतंय.

१५ जुलै
उत्तर. जसंच्या तसं उतरवतो: "तुमचं मराठी उत्कृष्ट आहे. अडचण तीच आहे." अशा मराठीसाठी पुण्यात माणसं पुष्कळ आहेत म्हणे. वर विचारलंय, तुम्ही कधी तंजावूरला राहिला आहात का?
मी!
परदेशी लोक असेच. शुद्धतेची किंमत नाही. शंभर अभ्यास करतील, पण शुद्ध कानावर पडलं तरी कळायला नको. कडक उत्तर लिहिलं. पाठवणार तेवढ्यात विनुताचा फोन. बाईंनी तिला विचारलं. पोस्ट तिला. मास्टर्सबरोबर करता येईल. ती म्हणाली, "तुझ्यामुळें डा! तूं नसतास तर मज कळलेंच नसतें."
मी म्हणालो, "हार्दिक अभिनंदन." 'हा' दीर्घ, 'र्दि' ऱ्हस्व. एकही चूक नाही.

१६ जुलै
कोट परत घेत नाहीत. दुकानदार म्हणतो, लॉ कॉलेजला ॲडमिशन घ्या.

२० जुलै, रविवार
विनुता घरी आली, मैसूरपाक घेऊन. बाईंना नमुना पाठवायचा होता. पाटावर फोन ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं आणि अम्माला बोलतं केलं. अम्मा भाजी चिरता चिरता विशालाक्षी मामींच्या सुनेची उणीदुणी काढत होती. विनुता टाळ्या पिटत होती, वा मामी, आणखी बोला.
मग माझ्याकडे वळली. कार्तिक, तूंपण ये. मी तिकडे गेल्यावर दर रविवारी फोन करीन, आपण दोघे अर्धा तास घरचं बोलूं, बाई त्याचाही पगार देतात. शुद्ध मात्र नको हां, प्लीज डा.
म्हणजे ती तिकडे. मी इथे. मी तिचा नमुना.
मी शांतपणे म्हणालो, ही अकॅडमिक पोस्ट नाही. ती म्हणाली, कां रे, इतकी कसली ऐट? तिथपर्यंत मी शांत होतो. पुढचं आठवतं ते असं: "मज नको तुझें कांहीं! जर्मनी नको, ती बाई नको! मी तुजसाठीं येणार होतों, तुजसाठीं! तुज इतकें कळेना कीं?"
अम्माची विळी थांबली. अप्पांनी पेपर खाली केला.
विनुता माझ्याकडे बघत राहिली. मग फोनकडे. तिचे कान लाल झाले होते. हळू आवाजात म्हणाली, "कार्तिक, हें सगळें रेकॉर्ड जाहलें."
मी वाट पाहिली. आणखी काहीतरी म्हणेल.
म्हणाली, "मॅडमना पाठवूं, कीं काढून टाकूं?"
मी चपला घातल्या, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.