अक्का, ते थायरॉईड होतं!

प्रिय अक्का,

जयभीम.

आज दुपारी लातूरला डॉक्टरांकडं जाऊन आले आणि चप्पल काढल्या काढल्या लिहायला बसले. सूनबाईनं चहा ठेवलाय, तो निवतोय. निवू दे. माझा रिपोर्ट चांगला आलाय अक्का! आणि ही बातमी सगळ्यात आधी ज्या माणसाला सांगायला पाहिजे, ते माणूस गेल्या वर्षी मला सोडून गेलं. मग करू काय? पत्र लिहिते.

झालं असं. या हिवाळ्यात अहमदपूरच्या बाजारात भाजी घेता घेता माझं काळीज धडधडायला लागलं. हात असे कापायले की मेथीची जुडी सुटून खाली पडली. वाटलं, आता मी मरते. घरात सगळ्यांचं एकमत: "शाळेतून रिटायर झालात, रिकामं डोकं, टेन्शन घेताय." सूनबाई तर मला ध्यानाच्या वर्गाला घालायला निघाली. मी म्हणाले, "वर्गाला मागून जाईन. आधी माझं थायरॉईड तपासा."

आणि तेच निघालं. गोळ्या सुरू झाल्या, अन् आजच्या रिपोर्टात सगळं जाग्यावर आलंय.

तरणा डॉक्टर हसून म्हणाला, "आजी, तुम्हाला कसं सुचलं? घरात कुणाला होतं का?"

मी म्हणाले, "होतं ना. माझ्या थोरल्या बहिणीला. कमलला."

अक्का, चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी परक्या माणसासमोर तुझं नाव आणि तुझा आजार एका दमात बोलले. बाहेर बाकड्यावर येऊन बसले आणि मला सगळं आठवायला लागलं.

लातूर नवा जिल्हा झाला, ते साल आठवतं तुला? आधी कलेक्टर कचेरीचं काही काम निघालं की उस्मानाबाद गाठायचं, जाण्यायेण्यात दिवस जायचा. आता सगळं लातूरला येणार, नवी ऑफिसं उघडणार, टायपिस्ट लागणार! अण्णा रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे. त्यांनी त्याच आठवड्यात तुला अहमदपूरच्या टायपिंग क्लासला घातलं. म्हणाले, "कमल, बाबासाहेबांनी आपल्या हातात पेन दिला. तू मशीन घे." तू रोज एसटीनं जायचीस, आणि घरी आल्यावर पाटावर बोटं आपटून सराव करायचीस. मी दहावीला होते. तुझ्या त्या टकटकीनं मला अभ्यास सुचायचा नाही!

आणि त्याच साली पाऊस गेला. मृग कोरडा, हस्तही कोरडा. दिवाळीलाच विहिरीचा तळ दिसायला लागला.

थंडीत तुझं सुरू झालं. सगळे वाकळा पांघरून कुडकुडायचे आणि तू उघड्या अंगणात घाम पुसत बसायचीस. हात कापायचे. कुणी दारावर थाप मारली तरी दचकायचीस. माय विचारायची, "काय झालं गं?" तू म्हणायचीस, "काय की माय. उगंच भ्या वाटायलंय." कशाचं, ते तुलाच सांगता यायचं नाही. कुणाला येतं?

टायपिंगच्या परीक्षेच्या दिवशी मी तुझ्यासोबत लातूरला आले होते, डबा घेऊन. आत चाळीस मशिनी एकदम सुरू झाल्या. पाचच मिनिटं झाली असतील. तू दार ढकलून बाहेर आलीस, पदर खांद्यावर नाही, चेहरा पांढराफटक. लिंबाच्या झाडाखाली बसलीस आणि माझं मनगट धरलंस. "विमे, मी मरायले गं. छाती फुटायली."

आणि मी काय म्हणाले? लिहायला हात धजत नाही, पण लिहितेच. मी म्हणाले, "अक्का, नाटकं करू नकोस. लोक बघायलेत."

तू माझं मनगट सोडून दिलंस.

त्यानंतरचा उन्हाळा म्हणजे! तीन दिवसांआड टँकर यायचा, घरात माणशी दोन घागरी. ज्वारीही मोजून दळायची. नेमक्या त्या दुष्काळात तुला भूक लागायची ती चार माणसांची, आणि अंगावर मात्र मांस टिकत नव्हतं. गळ्याची हाडं वर आली, डोळे मोठे दिसायला लागले. शेजारची काशाबाई मायला म्हणाली, "पोरगी खाते कुठं अन् जाते कुठं? हिच्यात दुसरंच कुणीतरी जेवून राहिलंय. देवरशाला दाखव." अण्णा उसळले. "आम्ही ते सगळं छप्पन्न सालीच सोडलंय!" त्यांनी गंडा-दोरा बांधू दिला नाही, हे त्यांचे उपकारच. पण डॉक्टरकडंही नेलं नाही. तुझ्याकडं वळून म्हणाले, "शिकलेली पोरगी तू. मन घट्ट कर." जणू मन म्हणजे घागरीच्या तोंडावरचं फडकं, ओढून बांधलं की झालं!

एका दुपारी तू मोरीत बसून प्यायच्या पाण्याची अर्धी घागर डोक्यावर ओतलीस. मी बघितलं. धावत येऊन तुझ्या हातातला तांब्या हिसकला आणि ओरडले, "लाज वाटत न्हाई का? सगळं गाव घोटभर पाण्याला तरसतंय!" तू भिजलेले केस मागं सारलेस. म्हणालीस, "विमे, माझ्या अंगात आग लागलीय गं. खरं सांगते."

तू खरंच सांगत होतीस. मला ते समजलं नाही.

बरं झालं, त्याच महिन्यात नांदेडची मावशी आली. ती तिथल्या एका दवाखान्यात आया होती. शाळेचं तोंड बघितलेलं नाही, पण नजर कशी! तू तिला पाणी द्यायला वाकलीस, आणि तिनं तांब्या न घेता तुझी हनुवटी वर केली. "कमल, गळा कधीपासून सुजलाय हा?" आम्ही रोज एका ताटात जेवणारी माणसं, आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं! मावशी अण्णांना म्हणाली, "दाजी, मी पोरीला घेऊन चालले. तुम्ही हाव म्हणा नाहीतर न्हाई म्हणा."

मी मागं लागले म्हणून मलाही नेलंत. मावशीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई देगलूरच्या. घरात तेलुगू बोलत असाव्यात, कारण तुझी नाडी धरली आणि त्यांच्या तोंडून आपसूक निघालं, "भयपडोद्दु, अम्मा." भिऊ नको. मग त्यांनी तुला दोन्ही हात समोर ताठ धरायला लावले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद पिंपळाच्या पानासारखा थरथरायला लागला. तू शरमून हात मागं घ्यायला लागलीस. त्या म्हणाल्या, "राहू दे. हे मलाच बघायचं होतं."

मग प्रश्न. उकडतं का? भूक लागते का? वजन उतरलं का? पाळी चुकते का? झोप येत नाही ना? काळीज उगाच पळतं ना? एकेका प्रश्नाला तू "हाव" म्हणत होतीस आणि रडत होतीस. सहा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी तुला तुझंच दुखणं ओळखून सांगत होतं.

त्या म्हणाल्या, "गळ्यात एक ग्रंथी असते, थायरॉईड. शरीराची चूल किती पेटवायची ते ती ठरवते. तुझ्या चुलीचा जाळ फार मोठा झालाय. म्हणून घाम, म्हणून भूक, म्हणून ही धडधड. आणि काळीज असं पळायला लागलं की माणसाला भीती वाटणारच. आधी भीती आणि मग धडधड, असं तुझं नाही. तुझं उलटं आहे."

तू विचारलंस, "म्हणजे बाई... मी येडी न्हाई?"

"बिलकुल नाही."

"अन् भित्रीबी न्हाई?"

त्या हसल्या. "एवढी धडधड सोसून तू इथपर्यंत चालत आलीस. भित्री कशी असशील?"

रक्त हैदराबादला पाठवलं. आठ-दहा दिवसांनी कागद आला, त्यांचं म्हणणं खरं निघालं. गोळ्या सुरू झाल्या. दीड-दोन वर्षं घ्याव्या लागतील, अधूनमधून रक्त तपासायचं, मनानं बंद करायच्या नाहीत, असं त्यांनी तीनदा बजावलं. आणि परतीच्या एसटीत तू काय केलंस! कंडक्टरनं तिकीट विचारलं, तर तू तोंडभर हसून म्हणालीस, "दोन अहमदपूर. अन् मला थायरॉईड हाय!" ते बिचारं म्हणालं, "बरं ताई, बसा मग खिडकीला."

गावात टँकरच्या रांगेत तर तू सभाच घेतलीस. घागर खाली ठेवलीस, कमरेवर हात. "ऐका गं सगळ्याजणी! माझ्या अंगात भूत न्हाई, थायरॉईड हाय. गोळीनं बरं होतं." काशाबाई म्हणाली, "थायराट? ते कुठल्या गावचं भूत गं?" अख्खी रांग हसली, आणि सगळ्यात मोठ्यानं तू हसलीस. तुझं हसू मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी आपल्या वाट्याची घागर उचलून मोरीत तुझ्यापुढं ठेवली. "कमल, अंघोळ कर, बाळा." एवढंच. मी दाराआड उभी होते. मला काहीच ठेवता आलं नाही तुझ्यापुढं. माफी मागायचं धाडस मला झालं नाही, अक्का. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

गणपतीपर्यंत तुझे हात थांबले, अंग भरायला लागलं. पण खरी लढाई पुढंच होती. आजार ओसरला, तरी परीक्षेच्या त्या खोलीची दहशत तुझ्यात बसली होती. क्लासच्या मशिनी वाजायला लागल्या की तू उठून बाहेर यायचीस. तू पुन्हा नांदेडला जाऊन विचारून आलीस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शरीराला भ्यायची सवय लागलीय. ती हळूहळू मोडावी लागेल. पळू नको. बसून राहा, भीती आपोआप उतरते." मग तू रोज क्लासमध्ये बरोबर मधल्या मशीनवर बसायला लागलीस, जिथं चारी बाजूंनी टकटक. पहिल्या दिवशी दोन मिनिटं. मग पाच. मग दहा. मी खिडकीबाहेर उभी राहून मोजायचे, कारण तूच मला सोबत बोलावलं होतंस. मला! जिनं तुला नाटकी म्हटलं होतं, तिला!

आणि पुढच्या हिवाळ्यात परीक्षा. तीच इमारत, तेच लिंबाचं झाड. मशिनी सुरू झाल्या. तू नंतर सांगितलंस: भीती आलीच होती. छातीत धडधड सुरू झाली होती. तू बोटं उचललीस, मांडीवर ठेवलीस, श्वास सोडलास आणि बसून राहिलीस. पूर्ण एक मिनिट गेलं. चाळीस जण टाईप करायलेत आणि तू गप्प! मग उतरली ती, आणि तू सुरू केलंस. एक मिनिट वाया घालवूनसुद्धा तू पास झालीस, अक्का! निकाल बघून मी एवढ्या जोरात ओरडले की टायपिंगवाले सर घाबरून बाहेर आले!

लातूरला नव्या जिल्ह्याच्या कचेरीत तू पहिल्या दिवशी रुजू झालीस, तेव्हा अण्णा नवं धोतर नेसून फाटकापर्यंत आले होते. तुला टंचाई विभागात बसवलं. कुठल्या गावाला किती टँकर, ते आदेश तू टाईप करायचीस. अण्णा टँकरच्या ड्रायव्हरला विचारायचे, "कागद दाखव बरं." आणि सगळ्यांना सांगायचे, "हे माझ्या कमलच्या हातचं अक्षर हाय."

एक तक्रार मात्र आहे माझी, आज करतेच. टँकरच्या रांगेत डंका पिटणारी तू, लग्नानंतर गप्प का झालीस गं? सासूबाई म्हणाल्या, "सुनेला रोग आहे म्हणतील," आणि तू गोळ्यांची पट्टी तुरीच्या डाळीच्या डब्यात लपवायला लागलीस. पुढं ग्रंथी मंद झाली, रोजची एक गोळी कायमची मागं लागली, तीही लपवूनच. ऑफिसात मात्र कुणी बाई उगाच रडायली, घाबरायली दिसली, की तू तिला कोपऱ्यात घेऊन म्हणायचीस, "आधी रक्त तपास. तिथं काही निघालं न्हाई, तर मनाच्या डॉक्टरकडं जा. पण स्वतःला भित्री म्हणू नकोस." त्या बायका मला तुझ्या पुण्यानुमोदनाला भेटल्या, अक्का. पाच-सहा जणी होत्या. माझा हात धरून रडल्या.

आणि मी? सगळ्यांनी माईकवर तुझी शिस्त सांगितली, तुझा स्वभाव सांगितला. आजाराचं कुणी काढलं नाही. मीही नाही काढलं. तुझी सगळ्यात मोठी जीत मी पोटात ठेवून खुर्चीवर बसून राहिले.

आता नाही बसणार. तुझी लेक प्रज्ञा किनवटकडं मुलींच्या आश्रमशाळेत शिकवते. तिनं परवाच सांगितलं, वसतिगृहातली एक पोरगी सारखी घामेजते, थरथरते, आणि बाकीच्या तिला भूत लागलं म्हणून चिडवतात. मी येत्या सोमवारी निघतेय. त्या पोरीला प्रज्ञासोबत तपासायला घेऊन जाईन. आणि सगळ्या मुलींना अंगणात बसवून तुझी गोष्ट सांगेन, तुझ्या पूर्ण नावानिशी. मी काय बोलले होते, तेही सांगेन. वचन देते.

आणि एखादीनं विचारलंच, "आजी, तुमची अक्का भीत होती का?" तर म्हणेन, "हाव, लई भीत होती. भीतभीतच परीक्षेला बसली, अन् जिंकली."

तुझी धाकटी,
विमे