दोघांच्या वाट्याची पेज

नंदाखाल,
२ फेब्रुवारी २०२६

प्रिय पॉलिन,

जय येशू. तुमच्या कॉन्व्हेंटात सगळ्या सिस्टर बऱ्या असतील अशी आशा. इथे आई ठणठणीत आहे. ऐकू कमी येतं, पण तेही तिला हवं तेव्हाच. राजेळी केळ्यांचे घड यंदा चांगले लागले. सुकेळी मांडवावर वाळत घातलीत आणि कावळे हाकलायला तुझी वहिनी रोवेना काठी घेऊन बसते. मी खुर्चीतून तिला हुकूम सोडतो. ती म्हणते, देवाने या माणसाचं सगळं नेलं, तोंड तेवढं ठेवलं.

पत्र बघून दचकली असशील. पण फोन लावला की आई शेजारी येऊन बसते, आणि तुमच्या डोंगरात अर्धं वाक्य पोहोचतं, अर्धं पोहोचत नाही. मला जे सांगायचंय ते अर्धं सांगून चालणार नाही. शिवाय ते राखेच्या बुधवारच्या आत, उपवासकाळ सुरू होण्याआधी, तुझ्या हातात पडायला हवं. म्हणून स्पीड पोस्टने पाठवतोय.

आधी तुझं, मग माझं.

नाताळातलं तुझं पत्र रोवेनाने जेवताना वाचून दाखवलं. जेवलं की पोटात उजवीकडे कळा येतात, पोट फुगतं, सारखं तोंड येतं, घोटे दुखतात, झगा सैल झालाय. हे सगळं तू गंमत सांगितल्यासारखं लिहिलंस. आणि शेवटी, ‘काळजी करू नका, उपवासकाळ आला की मला आपोआप बरं वाटतं.’ आईने लगेच हात जोडले. माझा घास मात्र तोंडातच राहिला. अगं बाय, हे वाक्य माझं आहे! वीस वर्षं मी हेच सगळ्यांना सांगत फिरलो.

माझ्या दुखण्याला आधी टीबी समजून गोळ्या दिल्या, मग कुठे क्रोन्स हे नाव सापडलं, ते तुला आठवत असेल. लहान आतड्याला सूज येते, उतरते, परत येते, आणि तसं होता होता आतडं आतून चिंचोळं होतं. तू तेव्हा नुकतीच सिस्टर झाली होतीस. नवस बोललीस की दर उपवासकाळात आपण दोघं, तू तिथे आणि मी इथे, ईस्टरपर्यंत नुसत्या पातळ पेजेवर राहायचं, म्हणजे फ्रेडीचं पोट बरं होईल. आणि झालं की बरं! पहिल्याच वर्षी कळा थांबल्या. आईने सगळ्या आळीत सांगितलं. ईस्टरला डुकराचं इंद्याल आणि तळलेले फुगे खाऊन मी परत आडवा झालो, तर आई म्हणाली, सैतान परीक्षा बघतो.

सैतान कसला! गेल्या वर्षी मुंबईच्या डॉक्टरने मला कागदावर आतडं काढून दाखवलं. पेज पातळ, ती चिंचोळ्या जागेतून सरकते. मांस अडकतं. एवढंच. पेजेने आतडं बरं होत नव्हतं, नुसती बोंब बंद होत होती. आणि आपण दर वर्षी म्हणायचो, आता बरं आहे, मग स्कॅन कशाला? औषधंसुद्धा तेवढे दिवस बंद. देवावर अविश्वास नको म्हणून.

गेल्या उपवासकाळात पेजेने काही झालं नाही. पेज पोटात गेली की तासाभरात उलटून यायची. आईला वाटलं, आपण कुठे तरी चुकलो. डॉक्टरांनी स्टिरॉइड दिली, एरवी त्या गोळ्यांनी चार दिवसांत उतार पडायचा, तोही पडला नाही. बोळिंजच्या हॉस्पिटलात स्कॅन काढला, त्यात जुनी सूज दिसते म्हणाले. पावसाळ्यानंतर ऑपरेशन झालं. तुला मी फोनवर सांगितलं, आतड्याचा तुकडा काढला, आता रस्ता मोकळा. तुकडा काढला हे खरं आहे.

इथवर लिहून पेन ठेवलं आणि वाडीत एक फेरी मारून आलो. फेरी म्हणजे दारापर्यंत.

कॅन्सर आहे, पॉलिन. लहान आतड्याचा. जिथे इतकी वर्षं सूज होती नेमका तिथेच उगवला, आणि दिसायला सुजेसारखाच, म्हणून कोणाला ओळखू आला नाही. पोट उघडलं तेव्हा बाहेरही पसरलेला होता. किमो घेतली, नाताळानंतर डॉक्टरांनीच थांबवली. म्हणाले, आता तुम्हाला त्रास होऊ नये एवढं बघू. आईला अजून सांगितलेलं नाही. ती समजते, टाके भरायला वेळ लागतोय.

असं क्वचितच होतं, क्रोन्सच्या प्रत्येक माणसाला होत नाही, हे डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं आणि मी तुला सांगतोय. पण त्यांनी विचारलं, सख्ख्या भावंडांत कोणाला असा त्रास? मी ऐटीत म्हणालो, नाही. तेव्हा तुझं पत्र यायचं होतं.

म्हणून ऐक. पोट दुखतंय तोवरच मोठ्या हॉस्पिटलात जा. राखेच्या बुधवारी तू पेज धरलीस की कळा थांबतील, तू हसत चर्चमध्ये मिस्सेला जाशील, मदर सुपिरियर म्हणतील सिस्टर पॉलिन बरी झाली, आणि आणखी एक वर्ष जाईल. मी अशी वीस घालवली. तिथल्या डॉक्टरला सांग, माझ्या सख्ख्या भावाला क्रोन्स आहे आणि त्याच जागी कॅन्सर झाला. लाजून हे गाळू नकोस. दुर्बिणीने बघतील, स्कॅन काढतील, काढू दे. नुसती ॲसिडिटी निघाली तर मी खुर्चीत बसल्या बसल्या नाचेन.

आई रविवारी फोन करणार आहे. भावासाठी यंदा उपवास आणखी कडक धर, असं सांगणार आहे. तिला ‘हो’ म्हण आणि करू नकोस. तिच्यावर रागावू नकोस. मलाही राग येतो, पण आईचा नाही, देवाचाही नाही. पेजेचा येतो. फादरना तसं सांगितलं तर ते बिचारे चष्मा पुसत बसले.

मरायची मला भीती वाटते. रोवेनासमोर म्हणत नाही, तुला सांगतो. पण तुझं पत्र ऐकलं तेव्हा वाटली तेवढी माझ्या रिपोर्टच्या दिवशीही वाटली नव्हती.

नवस मोडायचा कसा, असं तू विचारशीलच. मीही फादरना विचारलं. ते म्हणाले, डॉक्टरकडे जाणं म्हणजे नवस मोडणं नव्हे. मी म्हटलं, फादर, तुम्ही आमच्या पॉलिनला ओळखत नाही. तर आता माझं ऐक. नवस माझ्या पोटासाठी होता ना? मग मीच तुला त्यातून सोडवतो. यंदा दोघांच्या वाट्याची पेज मी एकटा पितो. नाही तरी माझ्या घशाखाली आता दुसरं काही उतरत नाही.

ईस्टरचं मला काही सांगता येत नाही, म्हणून तू आधीच ये. तपासून ये. आणि डॉक्टर खा म्हणाले तर माझ्यासमोर ताट घेऊन पोटभर जेव. मला ते बघायचंय.

तुझा,
फ्रेडी