सहा साग, एक फणस

सोमवार, ६ नोव्हेंबर १९९५

आज आले ते —
कोइमतूरच्या कारखान्याचे सूचीपत्र, व्ही.पी.ने, तेरा रुपये. टपालवाल्याकडे सुटे नव्हते. उरलेले दोन उद्या देतो म्हणाला.
मद्रासच्या एजंटाचे चकचकीत पत्रक, परदेशी यंत्राचे. फुकट.
साखळीच्या करवतीचे पत्रक, झेरॉक्स. त्यासाठी तिकिटे पाठवली होती, साडेतीन रुपयांची.
बागेतून राखणदार सांबशिवाबरोबर नारळ चाळीस, केळफूल एक. बसमध्ये पोत्याचे चार रुपये घेतले!

तिन्ही पत्रके देवापुढे ठेवली, फूल वाहिले, मग वाचली. हसावे तर हसावे. सत्तावन्न वर्षांची बाई, एस.एस.एल.सी. पास, आणि ओंडके कापायचे यंत्र निवडते आहे.

पण दुसरे करू काय? तिरुवैयारूजवळची नारळाची बाग विकली. तै महिना संपला की, फेब्रुवारीच्या मध्यात, ताबा द्यायचा. कालव्याच्या काठावरची सहा साग आणि एक फणस माझे, तोवर काढून न्यायचे, असे कागदात आहे. नाही नेले तर तेही गेले. यांनी स्वतःच्या हाताने लावलेली झाडे. यांच्यामागे एवढेच जिवंत उरले आहे.

बुधवार, ८ नोव्हेंबर

रंगराव भाऊजी आले. दारापुढच्या ओट्यावरून, तिण्णैवरूनच सुरू —
"वहिनी, करवतीची गिरणी घालणार म्हणे! उद्या दारावर पाटी बघायची का, अंबाबाई अँड कंपनी?"

त्यांच्या ओळखीचा गिरणीवाला उभ्या झाडांचे पंचावन्न हजार देतो. रोख. "सही करा नि घरात जप करत बसा मा. तुमच्या वयाला शोभते ते."

मी म्हटले, हिशेब करून सांगते. ते म्हणाले, "दादाही असेच म्हणायचा." दोनदा कॉफी घेतली आणि गेले.

ही वही टेबलावर उघडीच होती. त्यांनी पाहिली नि सोडली. त्यांना ही मोडी अक्षरे येत नाहीत. मला वडिलांनी शिकवली, यांना येत होती. आता या गल्लीत वाचणारी मीच एकटी. कपाटाला कुलूप नको, एवढाच फायदा.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

टपालवाल्याने दोन रुपये आणून दिले. आज बोललेले माणूस तेवढेच.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

बागेत जाऊन आले. बस, मग बांधावरून चालत. सांबशिव काठी घेऊन पुढे. वीस वर्षे तो ती बाग राखतो, आता नव्या मालकाकडे राहील की नाही त्याचे त्यालाच ठाऊक नाही.

गिरणीवाले कसे मोजतात ते त्याने दाखवले. झाडाला दोरी गुंडाळायची, तीच चौपदरी दुमडायची, झाली एक बाजू. बाजूला बाजूने गुणायचे, मग लांबीने. माझ्याकडे फुलांचा दोरा होता, त्यानेच मोजले. पहिल्या सागाचा घेर अठ्ठेचाळीस इंच. चौथाई बारा. बारा बारे एकशे चव्वेचाळीस.

घरी येऊन शाळेतले वर्तुळ काढले. येतात एकशे त्र्याऐंशी! म्हणजे पाचातला एक भाग दोरी दुमडतानाच गिळला. शिवाय कडेच्या सालीकडच्या फळ्या गिरणीवाल्याच्याच, आणि ओंडके नेण्याचे भाडे आपल्याच माथी.

सांबशिवाला झाडाखालीच म्हटले होते, यात काहीतरी खोट आहे. तो म्हणतो, "अम्मा, माझ्या बापाच्या वेळेपासून असेच मोजतात."
"मग तुझ्या बापाच्या वेळेपासून असेच फसवतात!"
एवढा हसला की खांद्यावरचे पंचावजा तुंडू कालव्यात पडले. मीही हसले. किती दिवसांनी, कोण जाणे.

यादी — साग ६. फणस १, घेर साडेचार फूट, फळ्यांसाठी.
फणसाला दोरा सांबशिवाने गुंडाळला. मी लांब उभी होते.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

नवऱ्यामागे बायका पोथी लावतात. मी करवती लावून बसले आहे.

परदेशी यंत्र — चार लाख दहा हजार, जकात वेगळी. चित्रात लाल दाढीचा माणूस बर्फात उभा राहून ओंडका कापतो. एकट्याने चालवता येते, हा मोठा गुण म्हणून ठळक छापला आहे. आता सगळे बाहेरून येते म्हणतात. येवो. एकटे राहायला एवढे पैसे पडत नाहीत.

साखळीची करवत, वर बसवायची चौकट धरून — साडेअठ्ठावीस हजार. स्वस्त. पण दाते जाड, दर कापाला तीन सूत लाकडाचा भुसा; आठ सुतांचा इंच.

कोइमतूरची पट्ट्याची करवत — रुळावरून सरकते, डिझेलवर चालते, बैलगाडीत मावते. बासष्ट हजार. कापाला एकच सूत.

कागदावर पटेना म्हणून सुरणाचा गड्डा घेतला. अर्धा पातळ सुरीने कापला. उरलेला अर्धा खोवणीच्या दात्यांनी. दुसऱ्या अर्ध्याच्या तीन चकत्या कमी झाल्या, परातीत नुसता कीस! सागाचेही असेच होणार. बारा कापांत साडेचार इंच लाकूड हवेत. स्वस्त करवत झाड खाते.

म्हणजे कोइमतूरची. आपली सात झाडे झाली की सांबशिव ती दुसऱ्यांच्या बागांतून फिरवील, मिळेल ते निम्मे निम्मे. त्याला विचारले. त्याने हात जोडले.

सुरणाची भाजी दोन दिवस पुरली.

शुक्रवार, ८ डिसेंबर

बसचा रस्ता खणला आहे, म्हणून वळसा घेऊन वीणा करणाऱ्यांच्या आळीच्या तोंडाशी उतरवले. साडेतीन वर्षांत त्या आळीत पाऊल टाकले नव्हते. आजही टाकले नाही. कोणीतरी तार जुळवत होते. वर, आणखी वर, मग थांबली. पिशवी धरून उभी राहिले. मग राजवाड्याकडून लांबून घरी आले.

इथे लिहूनच टाकते. कोण वाचणार आहे!

विनुता सात वर्षांची असताना वीणेला बसली. त्याच वर्षी यांनी फणस लावला. म्हणाले, झाड मोठे होईल तशी मुलगी मोठी होईल, मग याच एका खोडातून, सांधा नसलेली, तिची स्वतःची वीणा करू. तिची जुनी वीणा मेणाचे पडदे नव्याने बसवायला त्या आळीत जायची. तिथे विघ्नेश. वीणा घडवणाऱ्या आसाऱ्याचा, म्हणजे सुताराचा, मुलगा, हात सोन्याचा. दोघांनी नोंदणी करून लग्न केले. हे म्हणाले, आजपासून आपल्याला मुलगी नाही. फणसाचे नाव घरात पुन्हा निघाले नाही.

हे गेले त्या दिवशी ती आली होती. तिण्णैवर उभी. भाऊजी म्हणाले, "आत येऊ नको." मी दाराच्या आत होते. ऐकले. एक शब्द बोलले नाही.

माझी एकुलती एक मुलगी माझ्या घरापासून दीड मैलावर राहते.

रविवार, १७ डिसेंबर

धनुर्मास लागला. पहाटे नैवेद्याचा पोंगल केला. तीन माणसांचा झाला. हाताला सवय.

शुक्रवार, ५ जानेवारी १९९६

कारखान्याच्या शेषाद्रींचे पत्र. बावीस तारखेला यंत्र घेऊन येतो, कापून दाखवतो, पसंत पडले तरच पैसे. एक झाड पाडून ठेवा.

साग महाग. चुकायचे तर फणसावर चुकू दे. तसे लिहून टाकले.

भाऊजींना सांगितले. "गिरणीवाला साठ म्हणतो, वहिनी." बघा! दोन महिन्यांत पाच हजार वाढले, झाड तर तेवढेच आहे.

शनिवार, २० जानेवारी

तै अमावास्या. सकाळी भाऊजींनी यांचे तर्पण केले. मी दुपारच्या बसने बागेत. अमावास्येच्या सुमारास तोडलेल्या लाकडाला कीड लागत नाही, असे सांबशिवाचे म्हणणे.

फणसाला हळद लावली, दूध घातले. आमच्याकडे झाडाला विचारल्याशिवाय कुऱ्हाड लावत नाहीत. म्हटले — इथे जे कोणी राहता, पाखरे, मुंग्या, आणखी कोणी, उद्या जागा सोडा. दुसरीकडे सुखी राहा. आमच्यावर राग धरू नका.

बोलून झाले. हे शब्द कुठे ऐकले होते? आमच्याच तिण्णैवर — आत येऊ नको, दुसरीकडे राहा. झाडाला तरी आपण हात जोडून सांगतो.

सांबशिव हळूच म्हणाला, "अम्मा, या घेराचे खोड फळ्यांना घालवत नाहीत." मी म्हटले, यंत्र ठरले आहे.

सोमवार, २२ जानेवारी

यंत्र उत्तम. हे आधी लिहिते, कारण त्याचा काही दोष नाही.

शेषाद्री भला माणूस. रूळ पसरले, पाणसळ लावली. फणस काल पाडला होता. पाच फुटांचा बुंध्याकडचा तुकडा वर चढवला. एंजिन सुरू झाले, बगळे उडाले. पट्टा आत शिरला. भुसा पिवळा — हळदीसारखा पिवळा — माझ्या पायावर, लुगड्यावर. वासही तोच, पिकल्या फणसाचा. पहिली कड सुटून खाली पडली आणि आतला सोन्याचा रंग उन्हात दिसला. एकही गाठ नाही. तेवीस वर्षे. हे दर रविवारी या झाडाला हात लावून बघायचे. तिच्या लग्नानंतरसुद्धा! मी पाहिले आहे. कधी बोलले नाहीत, मीही विचारले नाही.

शेषाद्रींनी दुसऱ्या कापासाठी ओंडका फिरवायला घेतला.
"थांबवा!"
"अम्मा, यंत्रात काही बिघाड नाही —"
"यंत्रात नाही."

ते गोंधळले. सांबशिवाने न सांगता पहार लावून ओंडका खाली घेतला, सावलीत नेला, फुटू नये म्हणून दोन्ही तोंडांना शेण लिंपले. जणू सकाळपासून शेणाचे घमेले त्यासाठीच भरून ठेवले होते.

यंत्र घेतले. सागावर तीन दिवस चालवून बघते, मगच पूर्ण रक्कम, असे कबूल करून घेतले. शेषाद्री म्हणाले, "हिशेबात तुम्ही आमच्या मॅनेजरला विकाल." वीस हजार आगाऊ दिले.

मंगळवार, २३ जानेवारी

भाऊजी येऊन गेले. "फणस तसाच ठेवला म्हणे. कोणासाठी?"
मी म्हटले, "विनुतासाठी."
चुलीवर कॉफी होती. न घेता गेले.

बुधवार, २४ जानेवारी

आज एक कार्ड टाकले, पंधरा पैसे. गावातल्या गावात. तिला आपली बोली कळते, ही अक्षरे येत नाहीत. म्हणून तमिळ अक्षरांत आपली भाषा लिहिली. तीनदा खोडले. इथे नक्कल ठेवते —

चि. विनुता, अनेक आशीर्वाद. त्या दिवशी तू तिण्णैवर होतीस तेव्हा मी दाराच्या आतच होते. बोलायला हवे होते, बोलले नाही. बाबांनी तुझ्यासाठी लावलेला फणस पाडला आहे. ओंडका बागेत सावलीत ठेवला आहे. एका कडेची चार बोटे यंत्राने गेली, चूक माझी. उरलेल्यात सांधा नसलेली वीणा होईल का, हे जावयांना विचारून उलट टपाली कळव.