साध्या पाण्याचा ट्रे

३ फेब्रुवारी
पैलवानाने मान टाकली! खाऱ्या जमिनीत हमखास टिकणारा गहू म्हणून केवढा नाचवत आणला होता. खारं पाणी सुरू करून नऊ दिवस झाले नाहीत, तोच गडी पिवळा. नबाब आणि ठेंगू त्याच्याच वाटेवर. तुलनेसाठी ठेवलेली रडूबाई मात्र साधं पाणी पिऊन मजेत. (सगळी नावं माझीच. रडूबाई हा वाण मिठाचं नाव काढलं तरी मरतो, म्हणून ती रडूबाई.)

माझ्या गाइड मॅडम काचघरात डोकावल्या. "अठ्ठावीसपर्यंत एक तरी वाण टिकलेला दाखव. नाहीतर विषय बंद." दोन वर्षं घातलीत मी या विषयात. बंद म्हणे!

४ फेब्रुवारी
नबाब गेले.

९ फेब्रुवारी
आईचा फोन. "जेवलीस का? आणि त्या बिचाऱ्या रोपांना मीठ कशाला घालतेस गं?" समजावलं तिला — मीठ वाढलं म्हणून रोप लगेच हातपाय गाळत नाही. वाढ आवरती घेतं. आत आलेलं मीठ पेशीतल्या एका कोठीत कोंडून ठेवतं. शिवाय प्रोलिन नावाचं द्रव्य बनवतं, म्हणजे पेशीतलं पाणी पेशीतच राहतं. वाढणं बाजूला ठेवून आधी घर सांभाळायचं.

"मग त्यात नवल काय? आम्ही जन्मभर तेच केलं," आई म्हणाली.

१५ फेब्रुवारी
प्रोलिन मोजलं. पान कुटायचं, औषध घालायचं, नळी तासभर उकळत्या पाण्यात ठेवायची. प्रोलिन जितकं जास्त, तितका रंग लाल. ठेंगूची नळी जेमतेम गुलाबी. आणि रडूबाईची — लालभडक!! साधं पाणी पिणारीला प्रोलिन कशाला हवं?

१६ फेब्रुवारी
पुन्हा केलं. लाल. औषध नवं फोडलं. लाल. नळ्या घासघासून धुतल्या. लाल! आता मलाच लाल दिसायला लागलंय.

१८ फेब्रुवारी
कोपऱ्यातल्या नळावर रडूबाईसाठी झारी भरत होते. काचघर झाडणाऱ्या मावशी थांबल्या. "या नळाचं पाणी घालतेस होय? अगं, त्याने चहा फाटतो. आम्ही कुणी तोंडात धरत नाही ते."

चूळ भरून बघितली. खारट! मीटर बुडवला. ट्रेंमध्ये मी जेवढं मीठ घालते, त्याच्या निम्मं या नळातच. ट्रेंचं मीठही मी याच पाण्यात कालवत होते. म्हणजे पैलवान मंडळींना दीडपट मीठ पाजलं मी, आणि रडूबाईला पेरल्यापासून निम्मं. दोन वर्षं मीठ काट्यावर कणाकणाने मोजलं. साधं पाणी साधंच असणार, म्हणून एकदाही मोजलं नाही. शहाणी!! मेहनतीवर पाणी पडलं, तेही खारं.

मावशींनी न विचारता चहा आणून दिला. दुसऱ्या नळाचा. खूप रडले.

१९ फेब्रुवारी
ठेंगूही गेला. मॅडमच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आले. न सांगता पुढे रेटलं तर कुणाला कळणार आहे? खोटं कशाला लिहू — तासभर हाच विचार केला. भीती वाटते आहे.

२० फेब्रुवारी
सांगितलं. सगळं. आता 'विषय बंद' येणार म्हणून खाली मान घालून उभी राहिले. मॅडम म्हणाल्या, "एवढ्या मिठात तुझ्या रडूबाईने आठवड्यात मरायला हवं होतं. आणि ती अजून हिरवी आहे?"

"हो."

मॅडम चपला न घालताच काचघराकडे पळाल्या.