साद पॉइंटवर डोंगरातर्फे एकदा स्वतःचे उत्तर देऊ देणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
पर्यटन व विरंगुळा विभाग,
डोंगर परिक्षेत्र कार्यालय
(पहिला मजला, नकाशांच्या कपाटामागचे टेबल)

दिनांक : ९, गुरुवार

विषय : येत्या रविवारी, दि. १२ रोजी, साद पॉइंटवर एक वाक्य स्वतःच्या मनाने बोलण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) तत्कालीन अधीक्षकांचा तोंडी आदेश (बुटाची नाडी बांधताना दिलेला), अकरा वर्षांपूर्वीचा.
२) आपल्या कार्यालयाची कारणे दाखवा नोटीस, 'डोंगराने स्वतःचे पदनाम सांगणे' या प्रकरणी.
३) माझे यापूर्वीचे सहा अर्ज. पोच एकाचीही नाही.

महोदय,

आपण या खुर्चीवर येऊन तीनच आठवडे झाले आहेत. साद पॉइंटवर डोंगर बोलतो, एवढे आपणांस सांगण्यात आले असेल. कोण बोलतो, हे सांगायचे बहुधा राहून गेले असेल. सबब मुळापासून लिहितो. अर्ज लांबला तर क्षमा असावी, मला सलग बोलायची सवय राहिलेली नाही.

१. मी पाणीपुरवठा विभागाचा पंपचालक असून टाकी क्र. २ वर नेमणुकीस आहे. सदर टाकी साद पॉइंटच्या बरोबर समोरच्या डोंगरात आहे, मध्ये दरी. सकाळी सहाला व्हॉल्व्ह उघडणे, संध्याकाळी सहाला बंद करणे आणि मधल्या वेळात पाण्याची पातळी वहीत लिहिणे, हे माझे मूळ काम. टाकीमागच्या दोन खोल्यांत मी राहतो. पूर्वी आम्ही राहत होतो.

२. येथे पूर्वी खरा प्रतिध्वनी होता, हे मी नाकारत नाही. परंतु टाकीसाठी सुरुंग लावून कडा फोडला आणि कड्याबरोबर आवाजही गेला. ही गोष्ट पॉइंटच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी लक्षात आली. तोवर रेलिंग बसले होते, बाकडी रंगवून झाली होती आणि माहितीपत्रकही छापून आले होते. त्यात घोड्यावरची रपेट, तळ्यातली नाव, सूर्यास्ताचा कडा या सर्वांच्या वर, पहिल्याच क्रमांकावर लिहिले होते : 'साद घाला, डोंगर उत्तर देईल.' तत्कालीन अधीक्षक धावतपळत टाकीवर आले, सुटलेली नाडी बांधायला वाकले आणि वाकूनच म्हणाले, "तूर्त तुम्ही ओरडा. कड्याचं बघू काहीतरी." कड्याचे काय बघणार, हे मी विचारले नाही. माझे चुकलेच. त्या 'तूर्त'ला आता अकरा वर्षे झाली.

३. कामाची वेळ सकाळी नऊ ते सायंकाळी साडेपाच. माहितीपत्रकात 'दुपारी एक ते दोन डोंगर मौन पाळतो' असे जे छापले आहे, ती माझी जेवणाची सुट्टी होय. नियम मला पहिल्याच दिवशी समजावून दिला : समोरचा जे बोलेल त्यातले शेवटचे दोन शब्द, त्याच सुरात, परत करायचे. आपल्या पदरचे काही घालायचे नाही. आवाज माझ्यापर्यंत यायला एक सेकंद आणि माझा तिकडे जायला एक सेकंद लागतो. मला विचार करायला वेळ धरलेला नाही.

४. हे काम मी इमानेइतबारे केले. बायकांचे आवाज काढले, पोरांचे काढले, एका म्हाताऱ्या गृहस्थांचा दमेकरी खोकला काढला. शाळेच्या सहलीत चाळीस मुले एकदम चाळीस नावे ओरडतात, तेव्हा मी कोणाकोणाला पुरायचे? एका पर्यटकाने कुत्रे आणले होते, त्या कुत्र्याशी माझे पाऊण तास चालले. शेवटी तेच दमले. एकदा मला उचकी लागली, तर माहितीपत्रकाच्या पुढच्या आवृत्तीत 'थंडीत डोंगर उचक्या देतो' असे छापून आले आणि ते पाहायला लोक थंडीत येऊ लागले. आता थंडीत दर रविवारी मला उचक्या द्याव्या लागतात.

पुढे एक प्राध्यापक घड्याळ घेऊन आले. त्यांच्या पहिल्या हाकेला दोन सेकंदांत उत्तर गेले, दुसऱ्या हाकेच्या वेळी माझ्या तोंडात भाकरी होती, त्यामुळे उत्तराला नऊ सेकंद लागले. त्यांनी गणित मांडून डोंगर सव्वा किलोमीटर मागे सरकल्याचा अहवाल दिला. मग मोजणीवाले आले आणि चार दिवस माझ्याच ओट्यावर चहा पिऊन डोंगर जागेवर असल्याचे लिहून गेले. एका प्रतिष्ठित कुटुंबाने डोंगर अर्वाच्य बोलल्याची लेखी तक्रार केली आहे. सदर शिवी मूळची त्यांच्याच धाकट्या जावयाची असून मी ती जशीच्या तशी परत केली, हे येथे नम्रपणे नमूद करतो.

५. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तशी तीन वर्षांपूर्वी माझ्या डोक्यावरून झिपलाइन गेली. दोरीला लटकलेली माणसे खाली बघतात आणि त्यांना डोंगराच्या जागी बनियनवर उभा राहून बोंबलणारा इसम दिसतो. यावर उपाय म्हणून आपल्या कार्यालयाने मला टाकीत उतरून ओरडण्यास फर्मावले. आवाज तिथे छान घुमतो, यात वाद नाही. परंतु टाकीत पाणी असते, साहेब. शनिवार-रविवारी ते माझ्या छातीपर्यंत असते.

मी रजा मागितली. पाणीपुरवठावाले म्हणाले, पंपचालकाची रजा देतो, डोंगराची आमच्याकडे नाही. आपले कार्यालय म्हणाले, डोंगराला रजा नसते. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी माझी गत झाली आहे.

६. संदर्भ क्र. २ बाबत खुलासा. गेल्या मोसमात एक पाच-सहा वर्षांची मुलगी रेलिंगवरून ओरडली, "डोंगरा, तू कोण आहेस?" नियमाप्रमाणे मी "कोण आहेस?" एवढेच म्हणायचे. पण अकरा वर्षांत मला कोणी काही विचारण्याची ती पहिलीच वेळ होती. मी "पंपचालक" म्हणालो. मुलगी "बरं" म्हणाली आणि गेली. तिची काहीही तक्रार नव्हती. नोटीस मात्र मला आली, ती मी टाकीच्या खोलीत भिंतीवर लावून ठेवली आहे.

७. आता मूळ विषयाकडे येतो. इतका वेळ मी त्याच्याभोवती फिरत होतो, हे आपल्या लक्षात आले असेलच.

दिवसभर ओरडून संध्याकाळी घसा जातो. घरात मी बोलत नसे. बोललोच तर सवयीने पत्नीचेच शेवटचे दोन शब्द तोंडातून निघत. तिने विचारावे, "आमटी खारट झालीय का?" मी म्हणावे, "झालीय का?" तिने म्हणावे, "मी विचारतेय तुम्हाला." मी म्हणावे, "विचारतेय तुम्हाला." सुरुवातीला ती हसायची. हे मी मुद्दाम लिहितो, कारण ती हसायची तेव्हा मी तेही परत करायचो आणि आम्ही दोघे हसायचो. नंतर नंतर ती हसायची थांबली. तीन महिन्यांपूर्वी तिने पिशवी भरली आणि म्हणाली, "भिंतीशी बोलले असते तर निदान तिने माझं मला ऐकवलं नसतं. तुमचं स्वतःचं एक वाक्य सुचेल तेव्हा कळवा." मी दारात उभा राहून "तेव्हा कळवा" म्हणालो. ती खालच्या गावी भावाकडे निघून गेली.

मी फोन केला नाही असे नाही. तिने "हॅलो" म्हटले, मी "हॅलो" म्हटले. तिने "बोला" म्हटले, मीही "बोला" म्हटले. तिने फोन ठेवला. पुन्हा लावायचे धैर्य मला झाले नाही.

८. गेल्या रविवारी, दि. ५ रोजी, दुपारी तीनच्या सुमारास मी छातीभर पाण्यात कामावर असताना समोरून हाक आली : "अहो, घरी येऊ का?" आवाज मी पहिल्याच अक्षराला ओळखला. टाकीच्या झरोक्यातून पाहिले, तर ती रीतसर तिकीट काढून, भाऊ-भावजयीबरोबर रेलिंगपाशी उभी होती. तिथून आमची कपडे वाळत घालायची दोरी दिसते. तिच्या मागे बसभर पर्यटक होते आणि आपल्या कार्यालयाचे तपासनीस वही उघडून बसले होते. नोटीस माझ्या डोळ्यांसमोर होती. मी म्हणालो, "येऊ का?"

मग ती म्हणाली, "राग गेला का?" मी म्हणालो, "गेला का?" साहेब, मला राग कधी आलाच नव्हता. पण ते सांगायची सोय नव्हती.

तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "अहो, काहीतरी बोला." आणि मी तिला काहीतरी बोलायला सांगितले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतका स्वच्छ प्रतिध्वनी आपण कुठेच ऐकला नाही, असे एक गृहस्थ म्हणाल्याचे रेलिंगजवळच्या फोटोग्राफरने मला नंतर सांगितले. तपासनिसांनी 'समाधानकारक' असा शेरा मारला. मी ओला तसाच बाहेर पळत आलो, पण दरी उतरून चढायला अडीच तास लागतात आणि बस चारला सुटते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो कसा लागतो, हे मला त्या दिवशी कळले.

९. जाताना तिने फोटोग्राफरपाशी निरोप ठेवला आहे : "पुढच्या रविवारी येते. एकदाच विचारीन. त्यानंतर नाही." ती शब्दाची पक्की आहे. एकदा पडवळ आणू नका म्हणाली होती, त्याला एकोणीस वर्षे झाली, आमच्याकडे पडवळ शिजलेले नाही.

१०. सबब विनंती की,

(अ) रविवार, दि. १२ रोजी फक्त एका हाकेपुरते मला नियमातून सूट देण्यात यावी. त्यापूर्वीच्या व नंतरच्या सर्व हाका, शिव्या, कुत्री व उचक्या मी नियमाप्रमाणे परत करीन.

(आ) त्या वेळी मला टाकीबाहेर, कोरड्या जागी, तिला दिसेन असे उभे राहू द्यावे. सदरा मी इस्त्री करून ठेवला आहे. झिपलाइनवरच्यांनी पाहिले तर पाहू दे.

(इ) पर्यटकांनी विचारल्यास 'वाऱ्यामुळे असे कधी कधी होते' एवढे सांगण्याच्या सूचना तिकीटवाल्यास द्याव्यात. तो तसाही प्रत्येक गोष्टीला हेच सांगतो.

(ई) काय बोलणार याचा मसुदा मंजुरीसाठी सोबत जोडला आहे. त्यात कार्यालयाची, विभागाची किंवा डोंगराची बदनामी होईल असे काही नाही. मसुद्यात दुरुस्ती सुचवू नये ही कळकळीची विनंती, कारण तो पाठ करायला मला चार दिवस लागले आहेत.

११. शनिवारी सायंकाळपर्यंत आपल्याकडून काही न कळल्यास आपली हरकत नाही असे मी समजेन. हरकत असल्याचे कळल्यासही मी काय करीन, ते येथे लिहीत नाही. नंतर जी नोटीस यायची ती यावी. भिंतीवर अजून एकीला जागा आहे.

आपल्या डोंगराच्या वतीने, व प्रथमच स्वतःच्याही,
आपला नम्र,
(सही)
पंपचालक, टाकी क्र. २

सोबत :
१) कारणे दाखवा नोटिशीची प्रत (भिंतीवरून काढताना कोपरा फाटला आहे).
२) खोकल्याच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे, नमुन्यादाखल दोन.
३) बोलावयाच्या वाक्याचा मसुदा. यापूर्वीचे लांब मसुदे खोडून अखेर राहिलेला :

"अगं, ये. विचारतेस काय."