बफेलोची गाडी

२ मे १९३३, लॉस एंजेलिस

हसत होते! सगळं थिएटर! आणि शेजारी डेला, माझी बायको, तोंडात रुमाल कोंबून!

पडद्यावर कॉर्नी डूलिन. संपाची भाषणं ठोकणाऱ्या एका खुळ्याची भूमिका. बोलण्याआधी डावी बाही ओढतो. छातीवर अंगठा आपटतो. शेवटच्या शब्दाआधी आवाज पाडतो. ही बाही माझी! अंगठा माझा! मग तोंडावर टोमॅटो.

चौदा वर्षं कॉर्नीने आणि मी व्हॉडव्हिलची, म्हणजे नाच-गाणी-विनोदाच्या खेळांची, थिएटरं पालथी घातली. गंभीर मी, हशा त्याचा. तिथले कायदे कुठल्याही संसदेपेक्षा कडक — दुसऱ्याची करामत चोरायची नाही. आणि आमच्या जोडीचा आणखी एक: स्टेजवर एकाचे शब्द आटले की दुसऱ्याने आमच्या बफेलो शहराची गाडी चुकल्याच्या खेळाची पहिली ओळ टाकायची. "ओ साहेब, बफेलोची गाडी गेली का?" "गेली, आणि तुमची टोपी घेऊन गेली." की गाडा पुन्हा चालू.

सतरा साली मी नटांचा संप पुकारला. मालकांनी दोघांनाही दारं बंद केली. तो सिनेमात आला. बटलर, दारुडे, शेरीफ — घरोघरी ओळखतात. मागोमाग मीही आलो. मला न्यायाधीश मिळतात. तेही पाठमोरे.

३ मे

कॉर्नी स्टुडिओसमोरच्या हॉटेलात सापडला. तोंडावर रंग तसाच.

"ये नेड, डोनट खा."

"चोरा!"

"अरे बाबा, भूमिका वाचली आणि डोळ्यांपुढे तूच आलास. मी अगदी मनापासून केली. हसू त्यांना आलं."

"टोमॅटोही मनापासून?"

"तो दिग्दर्शकाचा."

शनिवारच्या सभेचं विचारलं. नटांची संघटना उभी करतोय आम्ही. हा उठला तर शंभर उठतील. मार्चमध्ये उठायचा शब्द दिला होता त्याने! आता बशीत बोट फिरवत म्हणतो, "जूनमध्ये माझा करार नवा व्हायचाय. सभेत स्टुडिओची माणसं बसतात. मी तिथे दिसून चालणार नाही, नेड."

आधी माझे हातवारे विकले, मग स्वतःचा शब्द.

४ मे

डेला म्हणते, "पडद्यावर तो तुझ्यापेक्षा कमी ओरडतो, एवढाच फरक." जेवलो नाही.

६ मे

हॉल गच्च. उभा राहिलो. हात आपोआप बाहीकडे गेला — आणि हशा! मागून कोणीतरी ओरडलं, "आजोबा, डूलिनची नक्कल झकास करता हां!"

नक्कल! मी! माझी!

शब्द आटले. ग्रीक वक्त्यांपासून सगळे पाठ असलेला मी, माशासारखी नुसती तोंडाची उघडझाप करत उभा.

तेवढ्यात शेवटच्या रांगेत एकजण उठला. टोपी काढली. कॉर्नी! त्याचा तो भरलेला, साऱ्या देशाला ठाऊक असलेला आवाज:

"ओ साहेब, बफेलोची गाडी गेली का?"

सगळ्या माना वळल्या. स्टुडिओच्या माणसांच्याही.

उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी दिलं नाही. हात छातीशी बांधून त्याच्याकडे पाहत राहिलो. हवं तर आणखी एक टोमॅटो आण म्हणावं!

तो थोडा वेळ तसाच उभा, टोपी हातात. मग खाली बसला. मी स्टेजवरून उतरलो. संघटनेच्या यादीत एकही नवी सही झाली नाही.

९ मे

स्टुडिओने कॉर्नीला काढलं. सभेत उठला म्हणून.

गेली रे, कॉर्नी. तुझी टोपी घेऊन गेली.